ऋण अग्र म्हणजे भूमी नव्हे

शालेय भौतिकशास्त्रातील काही गोष्टी कोणीच शिकवत नाही, तरी सर्व विद्यार्थी त्या शिकतात. फळ्यावरच्या आकृतीत घटाचे ऋण टोक खालच्या रेषेला जोडलेले असते, प्रयोगपेटीत लाल तार धनाची आणि काळी ऋणाची असते, मोटारसायकलच्या बॅटरीचे ऋण टोक सांगाड्याला आवळलेले असते. दहावी संपेपर्यंत ऋण, काळी तार, अर्थिंग आणि शून्य व्होल्ट ही मुलाच्या मनात एकाच वस्तूची चार नावे होऊन बसतात. पाठ्यपुस्तकात असे विधान नसते हे खरे. परंतु या समजाला अडवील असे विधानही आम्हाला तेथे सहसा आढळत नाही, आणि आमची तक्रार त्याबद्दल आहे.

हा समज खोटा पाडणारे उदाहरण गावातच असते. संगमनेरसारख्या तालुक्याच्या ठिकाणी दूरध्वनी केंद्र चालते ते शिसे-आम्ल घटांच्या माळेवर. प्रत्येकी २ व्होल्टचे २४ घट, म्हणजे ४८ व्होल्ट. (प्रत्यक्षात भारण चालू असताना मीटर ५४च्या आसपास दाखवतो, ४८ हे नुसते नाव.) या माळेचे धन टोक जमिनीला जोडलेले असते, आणि उपकरणांकडे जाते ती तार उणे ४८ व्होल्टची. एका मनोऱ्यावरून दुसऱ्या मनोऱ्याकडे बिनतारी संदेश नेणाऱ्या सूक्ष्मतरंग रेडिओंनी, म्हणजे मायक्रोवेव्ह रेडिओंनी, हाच रिवाज उचलला. अनेक कंपन्यांच्या रेडिओंत उणे ४८ची तार निळी असते आणि काळी तार असते धनाची, भूमीकडची!

‘उणे ४८ म्हणजे शून्याहून कमी वीज का?’ असे वर्गात कोणी विचारले, तर त्याला विहिरीकडे न्यावे. टाकीची उंची आपण जमिनीपासून वर मोजतो, विहिरीची खोली खाली. पाणी दोन्हीकडे खरेच असते. जमीन शून्य आहे, कारण आपण तेथून मोजायचे ठरवले. घटमालेचे कोणते टोक तिला जोडायचे हा माणसाने घेतलेला निर्णय आहे.

मग दूरध्वनीवाल्यांनी उलटा निर्णय का घेतला? याचे उत्तर रसायनशास्त्राच्या तासाला सापडते. तांब्याच्या तारा जमिनीखालून जातात. प्रवराकाठची काळी, ओलसर, क्षारयुक्त माती हा चांगला विद्युत अपघटनी पदार्थ आहे. तारेचे आवरण कोठे फाटले आणि तार मातीच्या तुलनेत धन असली, तर ती धनाग्र बनते आणि तिचे तांबे आयनरूपाने मातीत उतरते. फॅरडेच्या नियमाने हिशेब करून पाहा. अर्धा मिलिमीटर व्यासाच्या १ सेंटिमीटर तारेचे वस्तुमान सुमारे ०.०१८ ग्रॅम. गळती १ मिलिअँपिअर धरली, तरी एवढे तांबे जायला सुमारे १५ तास पुरतात. तारच ऋण ठेवली, तर झीज होते ती केंद्राजवळ पुरलेल्या भूसंपर्काच्या जाड धातूची, आणि तो बदलता येतो. बारावीच्या विद्यार्थ्यांना फॅरडेच्या नियमावरचे हे गणित चांदीच्या मुलाम्याच्या ठरीव गणितापेक्षा अधिक आवडेल असे आम्हाला वाटते. प्रयोगही सोपा आहे. ओल्या काळ्या मातीत चिमूटभर मीठ घालून तांब्याच्या दोन बारीक तारा खोचाव्यात, ९ व्होल्टची बॅटरी जोडावी आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही तारा शेजारी ठेवून पाहाव्यात.

पाठ्यपुस्तकी समजाची किंमत मोजावी लागते ती मनोऱ्यापाशी. समजा, पठार भागातल्या एखाद्या गावासाठी सौर पट्ट्या आणि ४८ व्होल्टची घटमाला बसवली, आणि नेहमीच्या सवयीने तिचे ऋण टोक भूसंपर्क पट्टीला जोडले. आता आलेल्या रेडिओत धन टोक आतूनच त्याच्या धातूच्या पेटीला जोडलेले आहे. पेटी मनोऱ्याला बोल्टने घट्ट बसते आणि मनोरा त्याच भूसंपर्क पट्टीला जोडलेला असतो. तंत्रज्ञाने धनाला धन, ऋणाला ऋण अगदी बरोबर जोडले, तरी घटमालेच्या धनाकडून निघालेला प्रवाह पेटी, मनोरा आणि भूसंपर्क पट्टी या वाटेने थेट ऋणाकडे परततो. हे शुद्ध लघुपरिपथन झाले. शेकडो अँपिअर प्रवाहही वाहू शकतो.

येथे फ्यूजही दगा देऊ शकतो. उणे ४८च्या पद्धतीत फ्यूज ऋण तारेत बसवतात, कारण तेथे तीच भूमीपासून वेगळी असते. वरच्या उदाहरणात फ्यूज तेवढाच, रेडिओच्या ऋण तारेत असेल, तर लघुपरिपथनाचा प्रवाह त्यातून जातच नाही. फ्यूज शाबूत राहतो आणि तार पेटते. ‘फ्यूज नेहमी धन तारेत’ असे पाठ करण्यापेक्षा ‘फ्यूज भूमीला न जोडलेल्या तारेत’ असे शिकवले, तर ते मोटारसायकललाही लागू पडते आणि मनोऱ्यालाही.

‘भूसंपर्कामुळे जादा वीज जमिनीत निघून जाते’ हे आपले आवडते वाक्य याच गोंधळाला खतपाणी घालते. जमीन वीज गिळत नाही. प्रवाहाला आपल्या उगमाकडे परतायचे असते, आणि भूसंपर्क त्याला एक वाट देतो. त्या वाटेचे दुसरे टोक कोठे आहे हा प्रश्न आकृती काढताना विचारलाच जात नाही.

दोष एकट्या शाळेचा नाही. रेडिओसोबत येणाऱ्या काही माहितीपत्रकांत ‘+’ आणि ‘−’ ठसठशीत छापलेले असतात, पण पेटीला आतून कोणते टोक जोडले आहे, की दोन्ही टोके पेटीपासून अलग आहेत, हे एक तर नसते किंवा शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत असते. दोन्ही टोके अलग असतील, तर कोणतेही एक भूमीला जोडता येते. माहितीच नसेल, तर वीज जोडण्यापूर्वी मल्टिमीटर रोधावर ठेवून पेटी आणि प्रत्येक टोक यांमधील रोध पाहावा. धन टोक आणि पेटी यांमध्ये तो शून्याजवळ निघाला आणि घटमालेचे ऋण टोक भूमीला बांधलेले असले, तर मध्ये प्रवेश व निर्गम एकमेकांपासून अलग असलेला डीसी-डीसी परिवर्तक बसवावा लागतो. साध्या परिवर्तकात ऋण तार दोन्ही बाजूंना एकच असते, त्यामुळे त्याचा येथे उपयोग होत नाही.