लॉन्ड्रीतली डॉक्टरीण

आईवर लिहिताना आपल्याकडे लेखणी फार लवकर ओली होते. १९३५ साली 'श्यामची आई' आले आणि मराठी वाचकाला आई वाचण्याची एक रीतच लागली. पुढे दलित आत्मकथनांनी आणि आपल्या मुस्लिम लेखकांनीही निराळी घरे दाखविली. मोळीखाली वाकलेली, विडीच्या सुपापुढे बसलेली, शिलाई मशीनवर डोळे फोडणारी आई साहित्यात आली. परंतु या आईलाही आम्ही बहुधा एकच विशेषण देत आलो : कष्टाळू. ते गौरवाचे वाटते खरे. पण ते एकदा लावले की त्या बाईची चौकशी संपते. कष्टांच्या आधी ती कोण होती, त्या कष्टांनी तिची जीभ कडू झाली की काय, हे मग कोणी विचारीत नाही. अमेरिकेतील चिनी लेखिकांची तीन पुस्तके वाचताना ही गोष्ट आम्हाला सतत टोचत राहिली.

पहिले पुस्तक मॅक्सीन हाँग किंग्स्टन यांचे 'द वुमन वॉरियर'. ते १९७६ साली प्रसिद्ध झाले. आत्मकथन म्हणून ते छापले गेले, तथापि त्यात दंतकथा, स्वप्ने आणि आईच्या तोंडच्या कहाण्या इतक्या मिसळल्या आहेत की त्याला कादंबरी म्हटले तरी फारसे बिघडत नाही. यातील आई, ब्रेव्ह ऑर्किड, ही कष्ट करायला जन्मलेली बाई नव्हे. १९२४ साली नवरा अमेरिकेस निघून गेला, पदरातील दोन मुले चीनमध्येच वारली. नवरा पाठवीत असलेल्या पैशांवर ही बाई कॅन्टनला जाऊन दोन वर्षे वैद्यक आणि सुईणपण शिकते, वसतिगृहातल्या भुताशी रात्रभर झुंजते आणि डॉक्टरीण होऊन गावी परतते. १९४० च्या आरंभी ती अमेरिकेत पोहोचते आणि पुढे कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन शहरात नवऱ्याच्या लॉन्ड्रीत परक्यांचे कपडे धुऊ लागते. पंचेचाळिशीनंतर तिला सहा मुले होतात. पदविकेचा कागद धातूच्या नळकांड्यात तसाच राहतो.

उन्हाळ्यात त्या लॉन्ड्रीतला पारा १११ अंशांवर जाई. हे फॅरनहाइट अंश. आपल्या हिशेबाने ४४ च्या आसपास. तेव्हा आईबाप म्हणत, आता एखादी भुताची गोष्ट सांगू या, म्हणजे पाठीवर जरा गार काटा येईल. संपूर्ण पुस्तकात आम्हाला हाच प्रसंग सर्वांत मोठा वाटतो. लेखिका येथे घामाचे वर्णन करीत बसत नाही. वाफेत उभी राहून गोष्ट सांगणारी बाई ती दाखविते. त्या बाईची मेहनत आणि तिची कल्पनाशक्ती एकाच ठिकाणी, एकाच वेळी चालू आहे.

ही आई गोड मात्र नाही. कॅन्टनच्या बाजारात तिने एक गुलाम मुलगी विकत घेतली होती. तिची किंमत अमेरिकन चलनात पन्नास डॉलर पडली, आणि लेकीच्या जन्माच्या वेळी दवाखान्याला मोजावे लागले दोनशे! हा हिशेब आई लेकीलाच ऐकवते. लहानपणी आपल्या जिभेखालची शीर आईने कापली, असे लेखिका सांगते. आईचे म्हणणे, तुझी जीभ कुठल्याही भाषेत वळावी म्हणून. लेकीला मात्र वाटत राहते की आपले बोलणे तिनेच तोडले. यातले खरे कोणते, याचा निकाल पुस्तक देत नाही. धाकटी बहीण मून ऑर्किड हाँगकाँगहून येते, तेव्हा हीच आई तिला तिच्या नवऱ्याच्या दारात बळेच नेऊन उभी करते. नवरा लॉस एंजेलिसमध्ये डॉक्टर झालेला, दुसरी बायको करून बसलेला. ती भाबडी बहीण वेडी होऊन इस्पितळात मरते. कष्टाळू आईच्या चौकटीत हे काहीच बसत नाही, आणि म्हणूनच ती आम्हाला खरी वाटली.

एवढी वर्षे नवरा तिकडे आणि बायको इकडे का, असे कोणी विचारील. अमेरिकेने १८७५ च्या कायद्याने चिनी स्त्रियांच्या येण्यावर संशयाची टाच आणली आणि १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना दार लावले. हे दार १९४३ साली किलकिले झाले, तेही वर्षाला १०५ माणसांपुरते. आईच्या विरहाला केवळ नशीब म्हणून भागत नाही, ते यासाठी.

फ्रँक चिन या चिनी-अमेरिकन लेखकाने किंग्स्टनबाईंवर सडकून टीका केली. त्यांनी जुन्या चिनी कथा मोडल्या, गोऱ्या वाचकाला हवा तसा चीन रंगविला, असा त्यांचा आक्षेप. त्यात तथ्य आहे. पाठीवर अक्षरे कोरण्याची कथा मुळात युए फेई या सेनापतीची. लेखिकेने ती मुलान या वीरकन्येला देऊन टाकली. पण आम्हाला एक शंका येते. आठवणीतून सांगितलेली गोष्ट लॉन्ड्रीच्या वाफेत शुद्ध कशी राहावी? लेकीने जशी ऐकली तशी लिहिली. चिन यांना ग्रंथातली कथा हवी होती, हिच्याजवळ होती ती आईच्या तोंडची.

दुसरे पुस्तक फे मियेन इंग यांचे 'बोन', १९९३ सालचे. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये शिलाईकाम करणारी आई, बोटीवर कामाला जाणारा बाप, तीन मुली आणि मधल्या मुलीची आत्महत्या. काळ उलटा चालवून लिहिलेली ही संयत कादंबरी आहे. यातल्या आईच्या हातून चूक घडते, घरात तिची बोलणी होतात, आणि तरी मशीन थांबत नाही. याहून अधिक आम्ही लिहीत नाही. हे पुस्तक वाचूनच कळेल.

तिसरे, जीन क्वॉक यांचे 'गर्ल इन ट्रान्सलेशन', २०१० साली आले. हाँगकाँगमध्ये संगीत शिकविणारी आई न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमध्ये मावशीच्या कपड्यांच्या कारखान्यात नगावर राबते. एका स्कर्टमागे दीड सेंट. मग लहान मुलगी जगातल्या सगळ्या किमती स्कर्टांत मोजू लागते : कारखान्यात जाण्यायेण्याचे भाडे शंभर स्कर्ट, हॉटडॉग पन्नास. दारिद्र्याचे असे गणित आमच्या वाचनात क्वचितच आले. बिनहिटरच्या घरात, खेळण्यांसाठी विणलेले आणि कचऱ्यात फेकलेले लवदार कापड उचलून आणून मायलेकी त्याचे कोट शिवतात, हा भागही विसरता येत नाही.

परंतु कादंबरी जसजशी पुढे सरकते तसतशी आई मागे पडते. मुलगी हुशार निघते, चांगल्या शाळेत जाते आणि आईचे सारे आयुष्य त्या यशाची शिडी होऊन राहते. आमची खरी तक्रार येथे आहे. ही आई सोसते, माफ करते, गप्प राहते. आणि न्यूयॉर्कच्या चिनी शिलाईकामगार बायका गप्प नव्हत्या! जून १९८२ मध्ये चायनाटाउनमधल्या सुमारे वीस हजार कामगार, त्यात बहुसंख्य बायका, युनियनच्या करारासाठी रस्त्यावर उतरल्या आणि मालकांना नमावे लागले. १९३८ साली सॅन फ्रान्सिस्कोत चिनी शिलाईकामगार बायकांनी पंधरा आठवडे संप चालविला होता. कादंबरीने संप दाखविलाच पाहिजे असा आमचा हट्ट नाही; पण लेकीच्या शिक्षणाखेरीज आईला दुसरी वाटच नव्हती, असा समज ती करून देते, तो खोटा आहे.

तिन्ही पुस्तके इंग्रजीत आहेत, आणि त्यांतल्या आया चिनी बोलतात. हा पेच आपल्या वाचकाला समजावून सांगायला नको. अम्मी दखनीत रागावते आणि आम्ही तिचा राग मराठीत लिहितो. लिहिता लिहिता तो राग शहाणा होतो, व्याकरणशुद्ध होतो. किंग्स्टनबाईंनी तो शहाणा होऊ दिला नाही, हे त्यांचे श्रेय. स्टॉकटनची लॉन्ड्री पाडली गेल्यावर त्यांची आई, केव्हाच पांढरे झालेले केस काळे करून, शेतमजुरांच्या रांगेत उभी राहते. म्हातारी दिसली तर शेतमालक बसमध्ये घेणार नाहीत म्हणून. टमाटे तोडायचे काम. वर, अमेरिकेत येऊन मी किती खाली आले याची तुम्हाला कल्पना नाही, अशा अर्थाचे मुलांना सुनावते. तिला आपल्या कष्टांचा अभिमान नाही; ते तिचे नुकसान आहे आणि तिला ते ठाऊक आहे.

शेवटच्या प्रकरणात लेखिका एक कथा देते आणि सांगून टाकते की तिची सुरुवात आईची, शेवट माझा. त्या शेवटात त्साई येन ही प्राचीन चिनी कवयित्री परमुलखात कैद आहे. तिची तिकडे जन्मलेली मुले तिच्या भाषेला हसतात. एका रात्री ती तंबूत स्वतःशीच गाऊ लागते. मुले आधी हसत नाहीत एवढेच. मग काही वेळाने, ती तंबूबाहेर शेकोटीपाशी येऊन बसते तेव्हा, तिच्याबरोबर गाऊ लागतात.