आल्बर्ट मांगेल्सडॉर्फ आणि युरोपीय जॅझचा ट्रॉम्बोन

जॅझमधल्या वाद्यांत ट्रॉम्बोन सर्वांत गैरसोयीचा. ट्रम्पेटला तीन कळा असतात, सॅक्सोफोनला त्याहून कितीतरी जास्त. ट्रॉम्बोनवादकाच्या हाती मात्र पुढेमागे सरकणारी एक नळी असते आणि बाकी सगळी भिस्त ओठांवर. नळीच्या सात जागा ठरलेल्या आहेत आणि प्रत्येक जागी ओठांचा ताण बदलून एकेक स्वर काढायचा असतो. मींड या वाद्यावर आपोआप येते, सुट्या स्वरांची द्रुत तान मात्र कष्टानेच साधते. न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या बँडांत म्हणूनच घसरते स्वर आणि खालचा भरणा एवढेच काम ट्रॉम्बोनच्या वाट्याला येई. १९४०च्या दशकात बीबॉप ही शैली आली, लय चढली, आणि जे. जे. जॉन्सन या अमेरिकी वादकाने सॅक्सोफोनच्या वेगाने, एकेक स्वर सुटा ठेवून ट्रॉम्बोन वाजवून दाखवला. त्यानंतर बराच काळ बहुतेक ट्रॉम्बोनवादक जॉन्सनच्याच वाटेने चालत राहिले. युरोपात त्या वाटेवरून बाजूला होऊन स्वतःचा आवाज घडवणारा पहिला मोठा वादक म्हणजे फ्रँकफुर्टचा आल्बर्ट मांगेल्सडॉर्फ.

त्याचा जन्म ५ सप्टेंबर १९२८चा, घर कामगारवर्गातले, वडील पुस्तकबांधणीचा व्यवसाय करणारे. जॅझची ओळख थोरला भाऊ एमिल याच्यामुळे झाली. नाझी राजवटीला हे संगीत खपत नसे, तरीही फ्रँकफुर्टमध्ये काही तरुण चोरून जमत, तबकड्या ऐकत आणि वाजवत. एमिल त्यांच्यातला एक. गेस्टापो या नाझी गुप्त पोलिसांनी त्याला अटक केली, पुढे पूर्व आघाडीवर धाडले, आणि रशियाच्या कैदेतून तो परतला तो १९४९ साली. आल्बर्टने चुलत्याकडून व्हायोलिनचे धडे घेतले, गिटार आपल्या आपण शिकला आणि ट्रॉम्बोन हाती घेतला तेव्हा त्याने विशी गाठली होती. या वाद्यासाठी हे वय उशिराचेच. पण त्या उशिराचा फायदाही झाला असावा. कान आधी तंतुवाद्यांवर आणि भावामुळे भेटलेल्या जॅझवर तयार झाला होता. ट्रॉम्बोनच्या ठरीव लकबी त्यात रुजलेल्या नव्हत्या.

युद्धानंतरच्या फ्रँकफुर्टमध्ये अमेरिकी लष्कराचा मोठा तळ होता. सैनिकांच्या क्लबांत जर्मन वादकांना काम मिळे आणि लष्कराच्या रेडिओवरून ताजे जॅझ कानी पडे. १९५२ साली शहरात एका तळघरात जॅझकेलर सुरू झाले आणि वादकांना रात्री उशिरापर्यंत एकत्र वाजवण्याची हक्काची जागा मिळाली. मांगेल्सडॉर्फ या काळात सॅक्सोफोनवादक हान्स कोलर आणि पियानोवादक युट्टा हिप यांच्या बँडांत वाजवत होता. त्याला ओढ होती ती लेनी ट्रिस्टानो आणि ली कोनिट्झ या अमेरिकी वादकांच्या शैलीची: आवाज न चढवता, लांब पल्ल्याच्या, अनपेक्षित ठिकाणी वळणाऱ्या स्वरवाक्यांची. पुढे ठरलेली चौकट झुगारणाऱ्या मुक्त जॅझच्या गदारोळातही त्याचे वादन विस्कटले नाही, त्याचे मूळ इथे आहे.

पोटापाण्याचा प्रश्न रेडिओने सोडवला. १९५५पासून तो हेसेन प्रांताच्या सार्वजनिक रेडिओच्या वाद्यवृंदात होता आणि १९५८ साली त्याच रेडिओने जॅझसाठी एक छोटा संच उभा केला, त्याचे नेतृत्व त्याच्याकडे आले. हा संच श्रोत्यांसाठी कार्यक्रम करण्यापेक्षा स्टुडिओत बसून नव्या रचना रचून, वाजवून पाहण्यासाठी होता. सरकारी कृपेवर कला सुस्तावते असे सर्रास म्हटले जाते. इथे उलट घडले. तिकीटविक्रीची चिंता नसल्याने फसलेले प्रयोगही करता आले. आकाशवाणीच्या पदरी असलेल्या वादकांची परंपरा ठाऊक असलेल्या वाचकाला हे नाते परके वाटू नये. १९५८ सालीच अमेरिकेतल्या न्यूपोर्ट जॅझ महोत्सवासाठी निरनिराळ्या देशांतील तरुण वादकांचा जो आंतरराष्ट्रीय बँड जमवला गेला, त्यात जर्मनीतून मांगेल्सडॉर्फची निवड झाली. अमेरिका पाहून आल्यावर अमेरिकी होण्याची हौस बहुधा वाढते. त्याची कमी झाली.

याचा पुरावा म्हणजे १९६१ साली उभा राहिलेला त्याचा पंचक-संच. टेनर सॅक्सोफोनवर हाइन्झ साउअर, आल्टोवर ग्युंटर क्रोनबर्ग, बासवर ग्युंटर लेन्झ आणि ड्रम्सवर राल्फ ह्युब्नर. पियानो नाही. ही उणीव जाणूनबुजून ठेवलेली होती. पियानो स्वरसंगतीची चौकट आखून देतो. तो काढून घेतला की तीन फुंकवाद्यांना एकमेकांच्या ओळींतूनच ती चौकट सुचवावी लागते. १९६३च्या ‘टेन्शन’ या तबकडीवर हे काम स्पष्ट ऐकू येते. साउअरचा खरखरीत, ओरबाडणारा आवाज आणि मांगेल्सडॉर्फचा गोलसर, संयत आवाज यांच्यातला ताण हाच त्या संगीताचा विषय आहे. मांगेल्सडॉर्फचे नाव पुढे ज्या गोष्टीमुळे गाजले ती अजून दहा वर्षे दूर होती, पण बँडप्रमुख म्हणून त्याचे सर्वांत भरीव काम याच काळातले.

१९६४ साली गोएथे इन्स्टिट्यूटने या संचाला आशियाच्या लांब दौऱ्यावर पाठवले. परतल्यावर ध्वनिमुद्रित झालेली ‘नाउ जॅझ रामवाँग’ ही तबकडी त्या प्रवासाची निष्पत्ती. शीर्षकातला रामवाँग हा थायलंडचा लोकनृत्यप्रकार. सोबत जपान आणि इंडोनेशियाच्या धुना आहेत, आणि रविशंकर यांच्या एका धुनेवर आधारलेली तीन भागांची रचनाही. त्या दशकात पूर्वेकडच्या संगीताचा मसाला भुरभुरण्याची फॅशन पश्चिमेत जोरात होती. या तबकडीचे वेगळेपण तिच्यातल्या एका जुन्या जर्मन भक्तिगीतामुळे लक्षात येते. थाई धुनेला जी वागणूक, तीच घरच्या मध्ययुगीन चालीला: दोन्हींकडे जॅझच्या विस्तारासाठीचे बीज म्हणून पाहिले आहे. रविशंकरांच्या धुनेतून मात्र राग उभा राहील अशी अपेक्षा ठेवू नये. धून घेतली आहे, रागाची चलनशिस्त घेतलेली नाही. हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्याला तो भाग जरा पोकळच वाटेल. तरीही अमेरिकी गाण्यांच्या ठरावीक साच्यांबाहेर जर्मन संचाला आपला मजकूर सापडू शकतो, ही गोष्ट या तबकडीने पक्की केली.

दशकाच्या अखेरीस युरोपात मुक्त जॅझचा जोर होता. पियानोवादक अलेक्झांडर फॉन श्लिपेनबाखच्या ग्लोब युनिटी ऑर्केस्ट्रात मांगेल्सडॉर्फ सामील झाला आणि १९७१ साली सॅक्सोफोनवादक पेटर ब्रोट्झमानच्या दणदणीत त्रयीसोबतही बर्लिनमध्ये वाजवला. चाळिशी ओलांडलेला, तालमीत तयार झालेला वादक तरुण बंडखोरांच्या गोंगाटात उतरतो तेव्हा बहुधा एकतर तो मागे पडतो नाहीतर ओरडू लागतो. त्याने दोन्ही टाळले. १९६९च्या एका तबकडीवर त्याने ट्रम्पेटवादक डॉन चेरी, ड्रमवादक एल्विन जोन्स, कोनिट्झ, गिटारवादक आटिला झोलर अशा सहा जणांशी एकेकाबरोबर जोडीने संवाद केला होता, आणि त्या जोडवादनांनी त्याला पुढच्या टप्प्याच्या तोंडाशी आणून सोडले: कोणीच सोबत नसणे.

१९७२ साली म्युनिकच्या ऑलिंपिकनिमित्त झालेल्या कार्यक्रमात तो एकटाच ट्रॉम्बोन घेऊन उभा राहिला. त्याच वर्षी ‘ट्रॉम्बर्ड्स’ ही एकलवादनाची तबकडी ध्वनिमुद्रित झाली. या वादनाचा गाभा म्हणजे वाजवता वाजवता वाद्यातच गाणे. समजा वादकाने २०० हर्ट्झचा स्वर वाजवला आणि गळ्यातून ३०० हर्ट्झचा स्वर त्याच नळीत सोडला. वाजवलेला स्वर षड्ज मानला तर गायलेला झाला पंचम. ओठ आणि नळी यांत हे दोन स्वर एकमेकांवर आदळतात, तेव्हा त्यांच्या बेरजेचा आणि वजाबाकीचाही स्वर जन्मतो: ५०० आणि १००. म्हणजे वर तार सप्तकातला शुद्ध गंधार, खाली मंद्र षड्ज. दोन स्वर दिले आणि चार मिळाले. उत्तम जुळलेल्या तंबोऱ्यात कोणी न छेडता ऐकू येणारा स्वयंभू गंधार मराठी रसिकाला परिचित आहे. कारण वेगळे असले तरी इथेही न वाजवलेलाच गंधार कानी येतो. अट एकच, गायलेला स्वर काटेकोर सुरात हवा. किंचित हलला तरी बेरीज-वजाबाकी बिघडते आणि स्वरसंगतीऐवजी गुरगुर उरते.

ही युक्ती त्याने शोधली असे म्हणणे चुकीचे ठरेल. वेबरच्या एकोणिसाव्या शतकातील हॉर्नसाठीच्या कॉन्चेर्तिनोत अशा स्वरसमूहांची मागणी आहे, आणि इंग्लंडचा पॉल रदरफोर्डही त्याच सुमारास एकल ट्रॉम्बोनमध्ये गळ्याचा वापर करत होता. रदरफोर्डने त्यातून तुकडे, खाकरणे, कुजबुज असा विस्कळीत आणि खट्याळ पोत काढला. मांगेल्सडॉर्फने मात्र या युक्तीची स्वरसंगती केली. तिच्यात व्याकरण आणले, चाल बसवली, लय बसवली. १९७६च्या ‘ट्रॉम्बोनलिनेस’वर ड्यूक एलिंग्टनची ‘क्रिओल लव्ह कॉल’ ही जुनी रचना तो एकटा वाजवतो, तेव्हा सबंध फुंकवाद्यांचा ताफा आतून ऐकू येतो. मर्यादाही आहेत. गळा आणि ओठ एकत्र राबवताना लय संथ राखावी लागते, आवाजाची पट्टी मधल्या-खालच्या सप्तकांतच फिरते, आणि सलग पाऊण तास ऐकताना पोताचा एकसुरीपणा जाणवतो.

ही मर्यादा त्याला स्वतःलाही दिसली असावी, कारण पुढची उत्तम कामे त्रयीतली आहेत. १९७५च्या ‘द वाइड पॉइंट’वर एल्विन जोन्स आणि स्वीडिश बासवादक पाले डॅनिएल्सन, १९७६च्या बर्लिन महोत्सवात ड्रमवादक अल्फॉन्स मूझोन आणि तेव्हा नुकताच नावारूपाला येत असलेला इलेक्ट्रिक बासवादक जाको पास्टोरियस. या दुसऱ्या मैफलीची ‘ट्रायलॉग’ ही तबकडी बहुतेक लोक पास्टोरियससाठी विकत घेतात. ऐकल्यावर लक्षात राहतो तो पन्नाशीकडे झुकलेला ट्रॉम्बोनवादक. इलेक्ट्रिक बासच्या चपळाईशी स्पर्धा न करता तो तिला जागा देतो, आणि मोक्याच्या क्षणी एकटा चार स्वरांनी तिथे भिंत उभी करतो.

दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमातून निघालेल्या युनायटेड जॅझ अँड रॉक एन्सेम्बल या बहुतारांकित संचात तो अनेक वर्षे होता. संच लोकप्रिय झाला, तबकड्या खपल्या. मांगेल्सडॉर्फच्या कलेत त्याने भर घातली असे म्हणवत नाही. त्याहून महत्त्वाचे काम मंचाबाहेरचे. १९७३ साली जर्मन जॅझ-वादकांची संघटना स्थापन करणाऱ्यांत तो होता. मानधन, हक्क, सरकारी मदत या रूक्ष गोष्टींत एवढा मोठा वादक लक्ष घालतो, हे जॅझच्या इतिहासात क्वचितच घडले आहे. बासवादक झाँ-फ्राँस्वा जेनी-क्लार्कबरोबर त्याने जर्मन-फ्रेंच तरुणांचा संच चालवला, आणि १९९५ ते २००० बर्लिन जॅझ महोत्सवाची कलासूत्रे सांभाळली. २५ जुलै २००५ रोजी फ्रँकफुर्टमध्येच त्याचे निधन झाले.

त्याच्यानंतर युरोपीय ट्रॉम्बोनची अवस्था अभिमान वाटावा अशी आहे. पूर्व जर्मनीत वाढलेल्या कॉनी बाउअरने एकलवादनाला स्वतंत्र, अधिक लयदार वळण दिले. डच वोल्टर वीरबोसकडे विनोद आहे, स्वीडिश नील्स लांडग्रेनकडे फंक आणि मोठा श्रोतृवर्ग. स्वित्झर्लंडचा सॅम्युअल ब्लाझर जुन्या युरोपीय संगीतातून साहित्य उचलतो. सर्वांत थेट वारसा नील्स वोग्रामचा. २०१३ साली मांगेल्सडॉर्फच्या नावाचा पुरस्कार त्याला मिळाला, आणि अनेकस्वरी वादन त्याच्या हातात इतके सहज झाले आहे की ते करामत वाटत नाही. धोका याच सहजतेत आहे. एकेकाळी एका वादकाची ओळख असलेली गोष्ट आता होतकरू ट्रॉम्बोनवादकाच्या तालमीतला पाठ झाली आहे, आणि अनेक तरुणांच्या एकल तबकड्यांत तंत्राचे प्रदर्शन संपल्यावर सांगायला फारसे उरत नाही. पंचक-संचाचा वारसा मात्र त्या मानाने कमीच जणांनी उचलला. तीन फुंकवाद्ये पियानोशिवाय वर्षानुवर्षे एकत्र बसून एकमेकांची वाक्ये पुरी करतात, अशी चिकाटी आजच्या धावत्या महोत्सवी दौऱ्यांना परवडत नाही. मांगेल्सडॉर्फ ऐकू इच्छिणाऱ्याने म्हणूनच ‘टेन्शन’पासून सुरुवात करावी, मग ‘ट्रायलॉग’ ऐकावी, आणि एकलवादनाच्या तबकड्या शेवटी, एका वेळी दोन-तीन रचना अशा बेताने ऐकाव्यात.