दहा हजार खोल्या आणि एक पंगत



उन्हाळा आला की आपल्याकडे एकच विचारणा सुरू होते : यंदा कुठे? कोणी नेतान्याला जातो, कोणी अश्केलोनला, कोणी नहारियाला. माझा नातू बर्लिनला शिकतो. तो म्हणाला, "आजी, यंदा माझ्या समुद्रावर ये." म्हणून गेल्या उन्हाळ्यात मी जर्मनीच्या बाल्टिक किनाऱ्यावर, र्‍युगेन बेटावरील प्रोरा या ठिकाणी चार रात्री राहून आले. उभा जन्म मी शाळेत वह्या तपासल्या. त्याच सवयीने आज ही एक इमारत तपासते. कोणाला माझे गुण कमी वाटले तर जरूर कळवावे.

प्रोरा हे सुट्टीचे ठिकाण म्हणूनच बांधायला घेतले होते, पण बांधणारे होते नाझी. 1933 साली त्यांनी जर्मनीतील कामगार संघटना मोडल्या, त्यांची मालमत्ता हडप केली आणि कामगारांना खूष ठेवण्यासाठी 'आनंदातून शक्ती' नावाची सहली काढणारी संस्था उभी केली. संघटनांवर धाड पडली तो दिवस 2 मे. बरोबर तीन वर्षांनी, 2 मे 1936 रोजी, प्रोराची कोनशिला बसवली. क्लेमेन्स क्लोत्स या वास्तुविशारदाने आराखडा केला. आठ सारख्या इमारती, प्रत्येक सुमारे अर्धा किलोमीटर लांब, सहा मजली. सगळ्या मिळून किनाऱ्याची साडेचार किलोमीटर रांग. दहा हजार खोल्या, वीस हजार पलंग. 1937 च्या पॅरिस प्रदर्शनात या आराखड्याला मोठे पारितोषिक मिळाले. 1939 साली युद्ध सुरू झाले, काम थांबले, आणि ठरल्याप्रमाणे सुट्टी घालवायला तिथे एकही कुटुंब आले नाही.

आधी चांगले ते सांगते. प्रत्येक खोलीचे तोंड समुद्राकडे आहे. लांबलचक बोळ मागे, जमिनीच्या बाजूला ठेवला आहे. आपल्या कितीतरी महागड्या हॉटेलांत निम्म्या खोल्यांना समोरची गच्ची नाहीतर मोटारी दिसतात. इथे साहेबाला समुद्र आणि मजुराला भिंत असा भेद आराखड्यात नव्हता. वाळू पांढरी आणि बारीक, मागे पाइनची झाडे. या बाबतीत विद्यार्थ्याला दहापैकी नऊ गुण.

आता खोली. अडीच मीटर रुंद, पाच मीटर लांब. दोन पलंग, कपाट, हात धुण्याचे भांडे. संडास आणि न्हाणी मजल्यावर सामाईक. वाचणारे म्हणतील, केवढीशी ती खोली! पण वाचकहो, आपण हे म्हणू नये. मी माझगावला दहा बाय बाराच्या खोलीत वाढले. हिशेब केला तर प्रोराची खोली तिच्यापेक्षा अंमळ मोठीच निघते, आणि आम्ही त्या खोलीत आठ माणसे होतो. लहान खोली हा दोष नव्हे.

मग दोष कोणता? आमच्या चाळीला गॅलरी होती. संध्याकाळी आई तिथे तांदूळ निवडायची, शेजारीण येऊन बसायची, बाबा सिनेगॉगहून येताना खालूनच हाक मारायचे. मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला आणि तिथून अलिबागला आत्याकडे गेलो की तिथे पडवी होती. निजायला चटया कमी पडत, पण बसायला जागा कमी पडली नाही. प्रोराच्या मूळ आराखड्यात खोलीला बाल्कनी नाही. आईबापांनी मुलांना घेऊन निवांत बसावे अशी जागाच नाही. खोलीत निजायचे, किनाऱ्यावर उन्हात पडायचे, सामाईक सभागृहात जेवायचे, आणि मध्यभागी एक एवढे मोठे सभास्थान योजले होते की वीसही हजार माणसे एकदम आत मावावीत. ते बांधले गेलेच नाही. वीस हजार माणसांना सुट्टीत एका छपराखाली कशासाठी बसवायचे? भाषण ऐकवायला. माणसाला त्याच्या माणसांबरोबर एकटे सोडायचेच नाही, हा या आराखड्याचा खरा दोष.

आणि पंगत. आपल्याकडे मालिद्याच्या ताटाभोवती जो येईल त्याला प्रसाद मिळतो. प्रोराच्या पंगतीत कोणाला बसवायचे नाही हे पाया खणण्याआधीच ठरलेले होते. ज्यू माणसाला तिथे पलंग नव्हता. पण सगळा दोष एकट्या हिटलरच्या माथी मारला तर धडा अर्धाच शिकलो असे होईल. त्याच्या कितीतरी आधीपासून जर्मन किनाऱ्यावरच्या काही गावांनी ज्यू पाहुण्यांना दारे बंद केली होती. बोर्कुम बेटावर बँडच्या तालावर ज्यूंना हाकलण्याचे गाणे पाहुणे हौसेने म्हणत. उलट नॉर्डरनाय बेटावर ज्यू कुटुंबे जात, तिथे सिनेगॉग होते. बर्लिनचे ज्यू हेरिंग्सडॉर्फला जात. कुठे जाऊ नये त्या गावांच्या याद्या जर्मन ज्यूंचे वर्तमानपत्र दर हंगामात छापत असे. सुट्टीला निघताना आपण हवापाणी विचारतो. त्यांना आधी ही यादी पाहावी लागे.

आता आपल्या भूमध्य किनाऱ्याकडे या. प्रोराच्या कोनशिलेच्या थोडेच आधी नहारियाची स्थापना झाली. तिथे जर्मनीहून निघालेली ज्यू कुटुंबे येऊन राहिली. त्यांनी आधी शेती केली, ती नीट जमेना, तेव्हा कित्येकांनी घरातल्याच खोल्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. पाहुण्याला न्याहारी घरची. 1940 साली तिथे पेंग्विन कॅफे निघाला, तो आजही आहे. एकाच देशातून, एकाच दशकात निघालेल्या सुट्टीच्या या दोन कल्पना. एकीकडे दहा हजार खोल्या सरकारने मांडल्या आणि पाहुणा एकही आला नाही. दुसरीकडे हाकललेल्या माणसांनी चार-दोन खोल्या उघडल्या आणि गाव वसले.

आजच्या प्रोराविषयी. युद्धानंतर रशियन आणि मग पूर्व जर्मनीचे सैन्य तिथे राहिले. काही भाग पाडला गेला. उरलेल्यात 2011 पासून युवकांसाठी वसतिगृह आहे, आणि बाकी इमारतींत विकायची व भाड्याची घरे झाली आहेत. भिंती पाडून खोल्या जोडल्या आहेत, आणि पाहा, बाहेरून बाल्कन्या लावल्या आहेत! जी जागा मूळ आराखड्याने दिली नाही ती लोकांनी मागून घेतली. माझ्या टीकेला याहून चांगला पुरावा नको.

पण आम्ही उतरलो त्या घराच्या रंगीत माहितीपत्रकात समुद्र, सौना आणि सायकली होत्या, इतिहासाची एक ओळ नव्हती. तिथे प्रदर्शन आहे, ते नातवाने शोधून दाखवले. शेजारच्या एका कुटुंबातली लहान मुलगी बोळात पळत होती. एवढा लांब बोळ कशासाठी, असे तिने विचारले तर तिच्या आईने काय सांगायचे? या बाबतीत दहापैकी दोन.

जेवणाचे सांगते. बाल्टिकचे पाणी खारट कमी, मासा मात्र चवदार. धुरी दिलेल्या वाम माशाचे तिथे फार कौतुक, पण त्याचे खवले आपल्याला चालणारे नाहीत. हेरिंगला पंखही आहेत आणि खवलेही, म्हणून बाजारातून तोच आणून घरी नारळाच्या दुधात केला. नारळाचे दूध डब्यातले, कोथिंबीर नावापुरती, तरी बेताचा जमला.

शुक्रवारी संध्याकाळी मनुका भिजवून शरबत केले. बाल्कनीतल्या मेजावर दोन मेणबत्त्या लावल्या, वाऱ्याने विझल्या, म्हणून आत आणल्या. नातवाने किद्दूश म्हटला. त्याचा एक जर्मन मित्र त्या दिवशी आला होता, तोही उभा राहिला आणि मग आमच्याबरोबर हेरिंग जेवला. तो दोनदा म्हणाला की या भिंतींत हे पहिल्यांदाच होत असेल. मला तसे छातीठोक सांगता येणार नाही. पण ज्या खोलीत आपल्याला जागा नव्हती तिथे आम्ही तिघांनी पंगत मांडली, एवढे मी शपथेवर सांगेन.

जावे का, असे विचाराल तर जावे. गुडघे दुखत असतील तर लिफ्टची चौकशी आधी करावी, बर्लिनहून आगगाडीला चार तास लागतात हे धरून चालावे, आणि पहिल्या दिवशी प्रदर्शन पाहून मग समुद्रावर जावे. नातवंडांना बरोबर न्यावे. मनुका घरून नेलेल्या बऱ्या.