भंगलेली मूर्ती आणि कुलीन स्त्रिया

थॉमस हार्डी (१८४०–१९२८) ह्याची कीर्ती त्याच्या कादंबऱ्यांवर आणि उत्तरायुष्यातील काव्यावर उभी आहे. १८९१ साली, ‘टेस’ ज्या वर्षी ग्रंथरूपाने आली त्याच वर्षी, प्रसिद्ध झालेला ‘अ ग्रूप ऑफ नोबल डेम्स’ हा दहा कथांचा संग्रह मात्र उपेक्षितच राहिला. त्याची आठवण निघते ती बहुधा एका आरोपाच्या निमित्ताने. १९३४ साली टी. एस. एलियट ह्याने ह्यातील ‘बार्बरा ऑफ द हाउस ऑफ ग्रीब’ ही कथा केवळ एका विकृत भावनेच्या तृप्तीसाठी लिहिली गेली आहे, असा ठपका ठेवला. हा आरोप तपासल्यावाचून संग्रहाचे मोल ठरविता येणार नाही.

कथा भीषण आहे, ह्यात शंका नाही. सरदारकन्या बार्बरा सामान्य कुळातील देखण्या एडमंडशी पळून जाऊन विवाह करते. पुढे व्हेनिसमधील नाट्यगृहाच्या आगीत इतरांना वाचविताना त्याचा चेहरा जळतो. परतलेल्या पतीचे ते रूप बार्बराला पाहवत नाही. तो निघून जातो आणि परदेशी मरतो. तिचा दुसरा पती लॉर्ड अपलँडटॉवर्स हा एडमंडच्या संगमरवरी मूर्तीचा चेहरा जळक्या चेहऱ्यासारखा विद्रूप करवितो, आणि रात्रीमागून रात्र तिला तो पाहावयास लावतो. अखेर भयाने खचलेली बार्बरा त्यालाच लाचारपणे बिलगून राहते.

कथा येथेच संपती, तर एलियटचा आक्षेप मान्य करावा लागला असता. परंतु हार्डी पुढे जातो. बार्बराच्या मृत्यूनंतर एक धर्मोपदेशक केवळ देखण्या रूपावर भाळण्याच्या अविचारावर प्रवचन देतो. आणि पुढच्या काळात उकरून निघालेले मूर्तीचे तुकडे पुराणवस्तूंच्या जाणकारांना एखाद्या रोमन वनदेवाचे किंवा मृत्यूच्या प्रतीकाचे वाटतात. धर्मपीठ दोष देते ते बार्बराला. छळणाऱ्याचा उल्लेख नाही. विद्वत्तेला तर ती दिसतही नाही. क्रौर्याचे चित्रण येथे साध्य नसून, त्या क्रौर्यावर समाज कसे पांघरूण घालतो हे दाखविण्याचे साधन आहे.

ह्या दृष्टीने पाहिल्यास संग्रहाची चौकटही अर्थपूर्ण ठरते. पावसामुळे वस्तुसंग्रहालयात अडकलेले एका पुराणवस्तुमंडळाचे सभासद ह्या कथा सांगतात. निवेदक सारे पुरुष आहेत. स्त्रिया केवळ कथाविषय. जुन्या वंशावळींतून त्यांची नावे मिळतात, त्यांचा आवाज मिळत नाही.

‘द फर्स्ट काउंटेस ऑफ वेसेक्स’ ह्या पहिल्या कथेत बारा-तेरा वर्षांच्या बेटीचे लग्न तिची आई वडिलांच्या नकळत तिशीतील रेनार्डशी लावते. नांदावयास जाण्याची वेळ येताच बेटी मुद्दाम देवीचा संसर्ग ओढवून घेते. मराठी वाचकाला येथे रखमाबाईंच्या खटल्याचे (१८८४–८८) स्मरण होणे स्वाभाविक आहे. संमतिवयाचा कायदाही १८९१ चाच. ज्या राज्यकर्त्यांनी तो केला, त्यांच्याच सरदारवर्गात अठराव्या शतकात असे विवाह घडत होते. बेटीच्या कथेमागेही १७३६ मधील एक प्रत्यक्ष विवाह आहे.

सर्वच कथा ह्या तोलाच्या नाहीत. ‘द डचेस ऑफ हॅम्प्टनशायर’मध्ये नायक आपल्याच प्रेयसीचा अंत्यविधी जहाजावर अजाणता करतो, असा योगायोग कथेला पेलत नाही. ‘लेडी पेनेलोप’ही घटनांच्या चमत्कृतीवरच विसंबते. उलट ‘द मार्शनेस ऑफ स्टोनहेंज’मध्ये लौकिकासाठी नाकारलेला मुलगा, मोठेपणी सत्य कळल्यावर, जन्मदात्रीऐवजी आपल्याला वाढविणाऱ्या लाकूडतोड्याच्या मुलीलाच आई मानतो, तेव्हा साऱ्या संग्रहाचा आशय एका प्रसंगात एकवटतो.

मराठीतील ‘कुलीन’ हा शब्द जन्म आणि शील ह्या दोहोंना एकत्र बांधतो. इंग्रजी ‘नोबल’ही तेच करतो. हार्डी ही गाठ सोडवितो. कुळ राखण्याचा खर्च स्त्रीच्या आयुष्यातून वसूल होतो, हे त्याने दाखविले; आणि ते सांगताना कथा भीषण झाल्या असतील, तर ती भीषणता त्या व्यवहाराची आहे.