लोकनकाशा : कोणत्या लोकांचा?

जमीन, पाणी आणि शाश्वत विकास यांविषयीच्या अलीकडच्या लेखनात 'लोकसहभागी नकाशा' हा शब्द मोठ्या आदराने वावरतो आहे. गावकऱ्यांनी गावाचा नकाशा स्वतः काढावा, त्याला उपग्रहाच्या चित्रांची आणि जीपीएसच्या अचूकपणाची जोड द्यावी व त्यावरून जमिनीच्या वापराचे नियोजन करावे, असा हा विचार आहे. सरकारी मोजणीच्या मक्तेदारीला त्यामुळे शह बसतो, हे नाकारण्याचे कारण नाही. नॅन्सी पेलुसो यांनी १९९५ साली कालीमंतानच्या जंगलांवर लिहिताना अशा नकाशांना 'प्रतिनकाशा' या अर्थाचे नाव दिले, ते यासाठीच. परंतु 'लोक' या शब्दात कोण येते आणि कोण वेशीबाहेर राहते, हा प्रश्न या लेखनात क्वचितच विचारला जातो.

नकाशा ही संहिता आहे. तिला लेखक असतो, त्याची भाषा असते आणि त्याचे मौनही असते. भूगोलाच्या पेपरात नकाशाला दिशा, प्रमाण आणि सूची नसेल तर आम्ही प्राध्यापक मंडळी गुण कापतो. काढणारा कोण, हे विचारण्याची सोय आमच्या गुणपत्रिकेत नाही. रॉबर्ट चेंबर्स यांच्या लेखनामुळे रूढ झालेल्या सहभागी पाहणीत गावकरी जमिनीवर रांगोळीने गाव रेखाटतात. खुद्द चेंबर्स यांनी काठी तज्ज्ञाच्या हातातून लोकांच्या हाती देण्याचा आग्रह धरला. पण आपल्याकडे ती काठी चावडीवर वा देवळाच्या पटांगणात दिली जाते. तेथे ती कोणाच्या हाती पडणार, हे सांगायला संशोधनाची गरज नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी गावाऐवजी व्यक्तीला घटक मानल्याचे समर्थन केले. त्या भाषणाचा आशय लोकसहभागाच्या या नव्या भाष्यकारांपर्यंत पोचलेलाच दिसत नाही.

आता सूचीतील शब्द पाहा. उपग्रहाच्या चित्रांवरून देशाचा 'पडीक जमिनींचा' नकाशासंग्रह तयार होतो. २००० साली त्याची एक आवृत्ती निघाली, २०१९ साली आणखी एक. आकाशातून झुडपी माळ दिसतो, त्या माळावर शेळ्या वळणारी बाई दिसत नाही. आणि जे पडीक ठरते ते 'उपलब्ध' ठरते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेसाठी गायरानांसह सरकारी जमिनी दिल्या जात आहेत. सौर ऊर्जेला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. मात्र तिच्यासाठी पहिला त्याग भूमिहीनानेच का करावा?

गायरानाची कथा यातली सर्वांत बोलकी आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांनी सत्याग्रह केले. पुढे मराठवाड्यात हजारो दलित कुटुंबांनी गायराने फोडून दगडगोट्यांतून पीक काढले. १९९१ च्या शासननिर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची त्यांची अतिक्रमणे नियमानुकूल करण्याची वाट काढली. पण पुरावा कशाचा? तलाठ्याच्या एक-ई नमुन्यातील अतिक्रमणाची नोंद आणि दंड भरल्याची पावती! ज्या कागदाने त्याला गुन्हेगार ठरवले तोच कागद तो पत्र्याच्या पेटीत सनदेसारखा जपतो.

मग कोणी म्हणेल, जुनी उपग्रहचित्रे आज फुकट मिळतात, त्यांवरून वहिवाट सिद्ध करा. हिशेब करून पाहू. १९८० च्या दशकातील लँडसॅटच्या चित्रात एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे ३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद क्षेत्र, म्हणजे ९०० चौरस मीटर. एक एकर ४,०४७ चौरस मीटरचा. म्हणजे एकरभर तुकड्याला जेमतेम साडेचार ठिपके येतात, आणि त्यांतलेही कडेचे ठिपके शेजारच्या माळात मिसळलेले. पीक कोरडवाहू, ते उभे राहते पावसाळ्यात, तेव्हा आभाळ ढगांनी भरलेले. बागाईतदाराचा पन्नास एकरांचा ऊस मात्र स्पष्ट दिसतो. ज्याची जमीन मोठी त्याचीच साक्ष यंत्र ठळकपणे देते.

आजच्या साधनांचेही तसेच. २०२१ साली सुरू झालेली ई-पीक पाहणी सातबाऱ्याच्या खातेदारासाठी आहे. गायरान कसणाऱ्याच्या नावे सातबाराच नाही. २०२० च्या स्वामित्व योजनेत ड्रोन उडतो तो गावठाणाची घरे मोजण्यासाठी. गायरानावर वाढलेली वस्ती त्या योजनेचा विषय नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा शासननिर्णय झाला. तो स्वागतार्हच आहे. पण नाव बदलून वस्ती पूर्वेकडच्या कडेवरून हलत नाही आणि पाण्याची टाकी जवळ येत नाही.

तेव्हा नकाशाकडे पाठ फिरवावी काय? मुळीच नाही. अमेरिकेच्या ओहायो राज्यात झेन्सव्हिल शहरालगत कोल रन नावाची वस्ती आहे. तेथील काळ्या कुटुंबांनी सुमारे पन्नास वर्षे नळाचे पाणी पाहिले नाही. विहिरींचे पाणी कोळशाच्या खाणींनी नासलेले. लोक पावसाचे पाणी साठवीत वा विकत आणीत. शेजारच्या गोऱ्या घरांत नळ होते. तेथे संगणकावर पाण्याच्या वाहिन्यांचा नकाशा आणि घरात राहणाऱ्यांचा वर्ण एकावर एक ठेवण्यात आला. जुलै २००८ मध्ये ज्यूरीने ६७ फिर्यादींना सुमारे १ कोटी ९ लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. साधन तेच, पण सूचीत वर्ण आला म्हणून नकाशा बोलला. आपल्या शिवारफेरीत विहीर, बंधारा, स्मशानभूमीचा रस्ता यांच्या खुणा होतात. त्यांवर जातीचा स्तर ठेवायला मात्र कोणी तयार नसतो. गावात दुही माजेल म्हणतात. ती विहिरीवर आधीच आहे.

वनहक्क कायद्याच्या २०१२ च्या सुधारित नियमांत उपग्रहाचे चित्र हा पूरक पुरावा आहे, इतर पुराव्यांची जागा त्याने घेऊ नये, असे स्पष्ट म्हटले आहे; वडीलधाऱ्यांचे लेखी जबाबही तेथे पुरावा मानले जातात. असा नियम गायरान कसणाऱ्यासाठी मागितला पाहिजे. आणि २०११ सालच्या जगपालसिंग खटल्याचा आधार घेऊन अतिक्रमण काढण्याची नोटीस येते, तेव्हा त्याच निकालात सरकारी अधिसूचनेने पट्टा मिळालेल्या भूमिहीनांचा आणि अनुसूचित जाती-जमातींचा अपवाद आहे, हे कार्यकर्त्यांनी तहसीलदाराला वाचून दाखवावे. पावत्यांची पेटी बरोबर घेऊन जावे.