रिकोतेची साक्ष

स्पेनमधील जवळजवळ आठ शतकांची मुसलमानी सत्ता १४९२ साली ग्रॅनडाच्या शरणागतीने संपली. करारात जितांना धर्मपालनाची हमी होती. तथापि १५०२ पर्यंत कास्तीलमधील मुसलमानांपुढे बाप्तिस्मा किंवा देशत्याग एवढाच पर्याय उरला. बाप्तिस्मा घेतलेल्यांच्या वंशजांस मोरिस्को म्हणत. १६०९ ते १६१४ या काळात तिसऱ्या फिलिपने अशा सुमारे तीन लाख लोकांना हद्दपार केले.

सर्व्हान्टिसच्या ‘डॉन क्विक्झोट’च्या दुसऱ्या भागातील (१६१५) रिकोते हा त्यांपैकीच एक होय. सांचोचा हा जुना शेजारी यात्रेकरूच्या वेषात चोरून परततो, राजाज्ञेची स्तुती करतो आणि मायभूमीसाठी व्याकूळही होतो. या स्तुतीवरून लेखकाला हद्दपारीचा समर्थक ठरविणारे टीकाकार कथानकाकडे दुर्लक्ष करतात. रिकोतेची पत्नी व कन्या निष्ठावंत ख्रिस्ती असूनही त्यांना देश सोडावा लागला आहे. म्हणजे दंड कुळाला झाला, हे कादंबरीतच नमूद आहे. सांचो त्याला साहाय्य नाकारतो, परंतु त्याची चहाडीही करीत नाही. पात्राची उक्ती व अवस्था यांत विसंगती असेल, तेथे समीक्षकाने अवस्थेची साक्ष अधिक ग्राह्य मानली पाहिजे. भयाखाली केलेली स्तुती हे संमतीचे प्रमाण ठरत नाही.