‘बांगाला’चा दुसरा अर्थ : अल्पकालीन मिशनसेवा आणि भाषा

१

परदेशी जाऊन काही आठवडे, काही महिने अथवा फार तर एखाद-दोन वर्षे धर्मसेवा करावी आणि स्वदेशी परतावे, ही प्रथा अमेरिकेतील प्रॉटेस्टंट पंथांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. १९५७ मधील काही विद्यार्थ्यांच्या मेक्सिको-प्रवासातून उगम पावलेली ‘ऑपरेशन मोबिलायझेशन’ आणि १९६० मध्ये स्थापन झालेली ‘यूथ विथ अ मिशन’ या संस्थांनी तरुणांच्या अशा सेवेला संघटित रूप दिले. त्यापूर्वीचा मिशनरी बहुधा आयुष्य परमुलखातच घालविण्याच्या तयारीने निघे व तेथील भाषा शिकणे हे त्याचे पहिले काम असे. मुदत आखडली तसे या कामाला स्थान उरले नाही. त्याची जागा दुभाष्याने घेतली.

या बदलाने नेमके काय हरवले, हा प्रश्न बार्बरा किंगसॉल्व्हर यांच्या ‘द पॉयझनवुड बायबल’ (१९९८) या कादंबरीच्या मुळाशी आहे. या कादंबरीची चर्चा बहुधा वसाहतवादाच्या अनुषंगाने होते. येथे विचार करावयाचा आहे तो तीमधील भाषाविषयक कल्पनेचा.

२

जॉर्जिया राज्यातील बेथलेहेम गावचा बॅप्टिस्ट पाद्री नेथन प्राइस १९५९ मध्ये पत्नी व चार मुली यांना घेऊन बेल्जियन काँगोतील किलांगा या कल्पित खेड्यात येतो. नेमणूक एका वर्षाची. पुढे ३० जून १९६० रोजी काँगो स्वतंत्र होतो. मिशनकडून परत जाण्याची सूचना मिळूनही नेथन हटत नाही. जानेवारी १९६१ मध्ये, पंतप्रधान लुमुंबा यांची हत्या होते त्याच सुमारास, धाकटी मुलगी रूथ मे सर्पदंशाने मरते आणि आई उरलेल्या मुलींसह गाव सोडते. कथा सांगतात त्या आई आणि मुली; नेथनला निवेदकाचा अधिकार लेखिकेने दिलेला नाही.

कादंबरीचे नाव एका शब्दावरून आले आहे. दुभाष्यावर अविश्वास वाटू लागल्यावर नेथन प्रवचनाच्या शेवटी ख्रिस्ताचे माहात्म्य स्वतःच किकोंगोत घोषित करू लागतो. त्यासाठी तो ‘बांगाला’ हा शब्द योजतो. कादंबरीत या शब्दाचा एक अर्थ ‘प्रिय, मोलाचे’ असा दिला आहे. परंतु नेथनच्या उच्चारात तोच शब्द अंगावर फोड उठविणाऱ्या विषवृक्षाचा वाचक होतो. अर्थात दर रविवारी तो ख्रिस्ताला विषवृक्ष ठरवीत राहतो. ‘बातिझा’ या शब्दाचीही हीच गत : एका उच्चाराने बाप्तिस्मा, दुसऱ्याने भयभीत करणे.

३

भाषाशास्त्राच्या दृष्टीने या योजनेवर एक आक्षेप घेता येतो. उच्चारभेदाने अर्थभेद होणे ही कोणत्याही भाषेत नवलाची गोष्ट नव्हे. मराठीत ‘जरा’ हा शब्द तालव्य ‘ज’ने उच्चारला तर त्याचा अर्थ वार्धक्य होतो, दंततालव्य ‘ज’ने उच्चारला तर थोडेसे. तथापि एखाद्या परक्याने ‘जरा थांबा’ म्हणताना तालव्य उच्चार केला, म्हणून कोणी वार्धक्य येईपर्यंत थांबत नाही. ऐकणारा संदर्भावरून चूक दुरुस्त करून घेतो. किंबहुना भाषाव्यवहार चालतो तो ऐकणाऱ्याच्या या औदार्यावर. मग किलांगाच्या लोकांनी नेथनची चूक दुरुस्त करून का घेतली नाही? एका चुकलेल्या शब्दावर संपूर्ण धर्मकार्याचे अपयश लादणे ही लेखिकेची सोय नव्हे काय?

हा आक्षेप कादंबरीच्या पृष्ठभागापुरता खरा आहे. थोडे खोल गेल्यास दिसते की, लेखिकेने त्याचे उत्तर कथानकातच ठेवले आहे. घरी कामाला असलेली मामा तातोबा नेथनला त्या विषवृक्षापासून दूर राहावयास सांगते. तो ऐकत नाही व फोडांनी हैराण होतो. वाफ्यांना उंचवटे हवेत असे ती सांगते. तो जमीन सपाट करतो व पावसात बियाणे वाहून जाते. नदीत बाप्तिस्मा घेण्यास लोक का कचरतात, हे त्याला पुष्कळ उशिरा कळते : आदल्या वर्षी त्या नदीत मगरीने एक मुलगी नेलेली असते. अशा वक्त्याच्या बाबतीत ऐकणाऱ्याचे औदार्य आटते. नेथनची चूक जिभेची असण्यापूर्वी कानाची आहे. ही गोष्ट वाचकाला कळते ती एडामुळे, म्हणजे जी मुलगी जवळजवळ बोलतच नाही तिच्यामुळे. न बोलणारीला दोन्ही अर्थ ऐकू येतात, आणि अखंड बोलणाऱ्याला एकही नाही, ही रचना सहेतुक आहे.

४

यावरून दोष अल्पमुदतीचा, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. परंतु कादंबरी तसे म्हणत नाही. दुसऱ्या महायुद्धात आपली तुकडी फिलिपाइन्समध्ये नष्ट झाली व आपण तेवढे वाचलो, या शल्याने पछाडलेला नेथन मरेपर्यंत काँगोतच राहतो. वर्षे वाढतात, पण त्याचे ऐकणे सुरू होत नाही. उलट त्याच्या आधीचा पाद्री फाउल्स तेथील भाषेत व माणसांत मिसळून गेलेला आहे आणि बायबलातील शब्दांचे भाषांतर किती निसरडे असते हेही तो जाणतो.

इतिहासाची साक्ष अशीच दुहेरी आहे. काँगोत पोर्तुगीज मिशनरी आले ते १४९१ मध्ये. १६२४ मध्ये किकोंगोतील प्रश्नोत्तररूप धर्मपुस्तक लिस्बनला छापले गेले, तर १६५९ मध्ये ब्रुशोत्तो या कापुचिन पाद्र्याचे किकोंगो व्याकरण रोममध्ये प्रसिद्ध झाले. लोकांनीही आपल्या परीने शब्द घडविला : बाप्तिस्म्याला ते ‘मीठ खाणे’ म्हणत, कारण त्या विधीत जिभेवर मीठ ठेवीत. नेथनच्या तीनशे वर्षे आधी या भाषेने ख्रिस्ती कल्पना अशा पचविल्या होत्या. त्याला त्याची वार्ता नाही.

मराठीच्या अभ्यासकाला येथे फादर स्टीफन्स आठवणे अपरिहार्य आहे. १५७९ मध्ये गोव्यास आलेल्या या इंग्रज जेझुइटाचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले १६१६ मध्ये, म्हणजे सदतीस वर्षांनी. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द त्याने योजला तो श्रोत्यांच्या कानाचा अदमास घेऊनच. परंतु त्याच गोव्यात १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्या त्यागाचा हुकूम काढला. दीर्घ सहवासानेही कान उघडतातच असे नाही, हे त्यावरून उघड होते.

५

कादंबरीची उणीव अन्यत्र आहे. पाचही निवेदक अमेरिकन आहेत. शिक्षक आनातोल, मुखिया ताता न्डू, मामा तातोबा ही पात्रे ठसठशीत आहेत, पण ती वाचकापर्यंत पोहोचतात पाहुण्यांच्या कानांतून. ‘बांगाला’ ऐकून चर्चमधील माणसे मनात काय म्हणाली असतील, हे त्यांच्याकडून कधीच कळत नाही. लेखिकेचे बालपणीचे काही दिवस काँगोत गेले होते, पण लेखनकाळात तिला त्या देशात जाता आले नाही. या मर्यादेत न ऐकलेल्या आवाजांचे सोंग न आणणे हा प्रामाणिकपणा म्हणता येईल. तथापि ऐकण्याचे मोल सांगणाऱ्या ग्रंथात ज्यांना ऐकावयाचे तेच निवेदक नसावेत, ही विसंगती दृष्टीआड करता येत नाही.

असे असले तरी अल्पकालीन सेवेच्या विचाराला या कादंबरीने एक नवा निकष दिला आहे. सेवकाची मुदत महिन्या-वर्षांनी मोजली जाते. यजमान ती निराळ्या मापाने मोजतात. आपली चूक दाखवून देण्याइतका विश्वास आपण त्यांच्यात निर्माण केला काय, हे ते माप. दोन आठवड्यांच्या पाहुण्याला ते साधणे कठीण असले तरी अशक्य नाही. नेथनला ते मरेपर्यंत साधले नाही. ‘बांगाला’चा दुसरा अर्थ त्याला कोणी सांगितला नाही, आणि त्यानेही तो कोणाला विचारला नाही.